यौवनलोपी ग्रंथी : एका दुर्लक्षित अवयवाची कथा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागे आणि हृदयाच्या किंचित वर एक मऊ, दोन पाळ्यांची ग्रंथी असते. जन्माच्या वेळी तिचे वजन साधारणपणे दहा ते पंधरा ग्रॅम भरते. मूल वाढते तशी तीही वाढते आणि वयात येण्याच्या सुमारास तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत पोहोचते. त्यानंतर मात्र तिचा ऱ्हास सुरू होतो. हळूहळू तिच्या जागी मेद साचत जातो आणि उतारवयात तिचा शोध घेणेही अवघड होते. इंग्रजीत तिला थायमस म्हणतात. मराठीत तिच्यासाठी मोठा समर्पक शब्द योजला गेला आहे : यौवनलोपी ग्रंथी. यौवनाबरोबर लोप पावणारी ती यौवनलोपी.

जी वस्तू तारुण्यातच विरघळू लागते तिचे महत्त्व ते काय असणार, असा विचार माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ असाच विचार केला. मानवी शरीरातील प्रमुख अवयवांपैकी ज्याचे कार्य सर्वांत शेवटी उमगले, असा हा अवयव. हृदय रक्ताभिसरण करते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले. यौवनलोपी ग्रंथी काय करते हे कळायला त्यानंतर ३३३ वर्षे जावी लागली. या विलंबाची कथा केवळ विज्ञानाची नाही. माणूस एखाद्या गोष्टीला निरुपयोगी का ठरवतो आणि त्या निर्णयाची किंमत कोणाला मोजावी लागते, याचीही ती कथा आहे.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रॉबर्ट वीडर्सहाइम यांनी १८९३ मध्ये मानवी शरीरातील ८६ अवशेषरूप अवयवांची यादी प्रसिद्ध केली. उत्क्रांतीच्या ओघात ज्यांचे कार्य पूर्णतः किंवा अंशतः लोपले आहे, असे अवयव त्यांना अभिप्रेत होते. त्यांच्या लेखनातील ‘अंशतः’ हा शब्द सावधपणाचा होता. परंतु पुढे तो मागे पडला आणि ‘निरुपयोगी अवयवांची यादी’ एवढेच लोकांच्या ध्यानात राहिले. शास्त्रज्ञाने घातलेली अट विसरावी आणि निष्कर्ष तेवढा स्मरणात ठेवावा, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे.

यौवनलोपी ग्रंथीच्या बाबतीत तर याहून विपरीत घडले. तिला निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरविण्यात आले. वरवर निरोगी दिसणारे तान्हे मूल रात्री झोपेत अचानक दगावे. कधी शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताच बालकाचा श्वास थांबे. अशा मृत बालकांचे शवविच्छेदन केले असता इतर काही दोष सापडत नसे. मात्र यौवनलोपी ग्रंथी ‘मोठी’ आढळे. मग या मोठ्या ग्रंथीने श्वासनलिका दाबली असावी, असा तर्क बांधला गेला. १८५८ मध्ये फ्रीडलेबेन या जर्मन वैद्याने काळजीपूर्वक अभ्यास करून असा कोणताही आजार नसल्याचे प्रतिपादन केले होते. तरीही १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी ती कल्पना नव्या रूपात मांडली. या ग्रंथीची वाढ हे जन्मजात दुर्बल प्रकृतीचे लक्षण असून अशी मुले क्षुल्लक कारणानेही दगावतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्या प्रकृतीला एक भारदस्त लॅटिन नावही मिळाले. नाव मिळाले की आजार खरा वाटू लागतो!

परंतु ती ग्रंथी खरोखरच मोठी होती काय? या प्रश्नाच्या उत्तरात या कथेचे मर्म दडलेले आहे.

त्या काळी शरीररचनेचा अभ्यास कोणाच्या देहावर होत असे? इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्यानुसार अनाथालये व दरिद्री-निवासांत मरण पावलेल्या बेवारस व्यक्तींचे देह विच्छेदनासाठी उपलब्ध होत. रुग्णालयांतील शवविच्छेदनेही बहुधा दीर्घ आजाराने खंगून गेलेल्या रुग्णांची, विशेषतः गोरगरीब बालकांची असत. यौवनलोपी ग्रंथीचा एक विशेष असा की, उपासमार, दीर्घ ज्वर अथवा तीव्र ताण यांमुळे ती झपाट्याने आक्रसते. अर्धपोटी राहून, महिनोन्‌महिने आजाराशी झुंजून मेलेल्या मुलाची ग्रंथी लहान असणारच. तीच लहान ग्रंथी पाठ्यपुस्तकांत ‘सर्वसाधारण’ म्हणून नोंदली गेली. मग सुदृढ अवस्थेत अचानक दगावलेल्या बालकाची निरोगी ग्रंथी तिच्या तुलनेत मोठी दिसली, तर नवल काय! गज लहान होता, म्हणून कापड जास्त भरले. दोष कापडाचा नव्हता, मोजमापाचा होता.

स्वीडनमधील उप्साला येथील प्राध्यापक हम्मार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा भेद स्पष्ट केला. आजाराने होणारे आक्रसणे वेगळे आणि वयोमानानुसार होणारा ऱ्हास वेगळा, हे त्यांनी अनेक वर्षांच्या मोजमापांतून दाखविले. १९३१ मध्ये ब्रिटनमधील यंग व टर्नबुल यांनीही शेकडो शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून, या तथाकथित दुर्बल प्रकृतीला आधार नाही असा निर्वाळा दिला. पण तोवर गाडी फार पुढे गेली होती.

१९०७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका बालकाची ‘वाढलेली’ यौवनलोपी ग्रंथी क्ष-किरणांनी लहान करण्यात आली. ग्रंथी आक्रसली, मूल बरे झाले, उपचार यशस्वी ठरला. त्यानंतर हा उपचार वेगाने पसरला. पुढील चार-पाच दशकांत हजारो तान्ह्या मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. काही ठिकाणी तर कोणताही त्रास नसताना, केवळ खबरदारी म्हणून हे केले जाई. ज्या आईबापांनी मुलांना तेथे नेले, त्यांनी ते मायेपोटी नेले. ज्या डॉक्टरांनी किरण दिले, त्यांनी ते सद्भावनेने दिले. या कथेत दुष्ट असा कोणीही नाही, आणि म्हणूनच ती अधिक अस्वस्थ करणारी आहे.

छातीच्या वरच्या भागावर सोडलेले किरण शेजारच्या गळ्यातील अवटू ग्रंथीवर, म्हणजे थायरॉइडवरही पडत होते. १९५० मध्ये डफी आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी, अवटू ग्रंथीचा कर्करोग झालेल्या मुलांपैकी अनेकांना तान्हेपणी असे किरण दिले गेले होते, याकडे लक्ष वेधले. पुढे न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे असे किरण दिलेल्या अडीच हजारांहून अधिक मुलांचा कित्येक दशके मागोवा घेण्यात आला. त्यांच्यात अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे आणि त्यांतील स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचेही प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. जो आजार नव्हताच त्यावर उपचार झाला आणि त्या उपचारातून खरा आजार जन्मला. मोजमापातील एका चुकीची ही परिणती होय.

आता या कथेची दुसरी, उजळ बाजू पाहू.

जॅक मिलर यांचा जन्म १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे झाला. बालपण शांघायमध्ये गेले आणि पुढे युद्धाच्या छायेत कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थिरावले. त्यांची थोरली बहीण लहान वयातच क्षयरोगाने गेली. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच हवेत श्वास घेणाऱ्या भावंडांपैकी एकाला रोगाने गाठावे आणि इतरांना सोडावे, हे कसे? शरीर रोगाशी लढते म्हणजे नेमके काय करते? या प्रश्नाचे नीट उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते. सिडनी येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून मिलर लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांच्याकडे विषय आला तो उंदरांमधील रक्ताच्या कर्करोगाचा. हा कर्करोग यौवनलोपी ग्रंथीत सुरू होत असल्याने त्यांनी नवजात उंदरांची ती ग्रंथी काढून पाहिली.

यापूर्वीही अनेकांनी प्राण्यांची ही ग्रंथी काढली होती. पण ती प्रौढ प्राण्यांची. त्यांना काहीच होत नसे, म्हणून ग्रंथी निरुपयोगी असा निष्कर्ष निघे. मिलर यांनी जन्मानंतर लगेच ती काढली आणि चित्र पालटले. आईचे दूध सुटल्यानंतर ती पिल्ले खंगू लागली आणि साध्यासाध्या संसर्गांनी मरू लागली. त्यांच्या रक्तात लसिकापेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, फारच कमी होत्या. दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा त्यांच्यावर बसविली असता शरीराने ती झिडकारली नाही. आपले आणि परके हा भेदच त्यांना उरला नव्हता. सप्टेंबर १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीची घडण या ग्रंथीत होते, हे त्यातून जगापुढे आले. पुढे पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढविलेली ग्रंथीहीन पिल्ले खंगत नाहीत, हेही त्यांनी दाखविले. म्हणजे मृत्यूचे कारण उघड्या दाराने आत येणारे जंतू होते.

तज्ज्ञ मंडळींना हे सहजासहजी पटले नाही. या ग्रंथीत लसिकापेशी असणे हा उत्क्रांतीतील केवळ योगायोग होय, असे मत नोबेल पारितोषिक विजेते पीटर मेडावर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही प्रारंभी व्यक्त केले होते. अमेरिकेत मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांचा गटही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत येत होता. पुराव्यापुढे अखेर साऱ्यांनीच मान तुकविली.

प्रौढ प्राण्याची ग्रंथी काढली असता काहीच का होत नसे, याचे कारण एका साध्या दाखल्याने कळेल. एखादी गिरणी वीस वर्षे कापड विणत राहिली आणि तिने गावोगावची दुकाने भरून टाकली. मग एके दिवशी ती बंद पडली. दुसऱ्या दिवशी बाजारात कापडाचा तुटवडा जाणवेल काय? मुळीच नाही. दुकानांतील मालावर अनेक दिवस व्यवहार चालेल आणि वरवर पाहणारा म्हणेल, गिरणी नसली तरी काही अडत नाही. यौवनलोपी ग्रंथीने बाल्यातच शरीरभर पाठविलेल्या पेशी दीर्घायुषी असतात. त्या पुंजीवर शरीर वर्षानुवर्षे निभावून नेते. निरीक्षकांनी दुकाने पाहिली, गिरणी पाहिली नाही.

याच सुमारास कोंबडीच्या शरीरातील एका पिशवीनेही आपले रहस्य उघड केले. पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या या पिशवीचे वर्णन इटलीतील पादुआ येथील फाब्रिसियस यांनी केले होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढील तीन शतके तिचा उपयोग कोणालाही कळला नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी तिचा अभ्यास करीत असताना त्याच्या एका सहाध्यायाने, टिमोथी चँग याने, वर्गातील प्रात्यक्षिकासाठी त्याच्याकडून काही कोंबड्या मागून नेल्या. जंतू टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निष्प्रभ करणारी द्रव्ये, तयार होतात हे त्याला दाखवायचे होते. प्रात्यक्षिक फसले, काही कोंबड्यांत प्रतिपिंडे झालीच नाहीत. चौकशीअंती कळले की, लहानपणीच ज्यांची पिशवी काढलेली होती, त्याच या कोंबड्या! एका प्रतिष्ठित नियतकालिकाने हा निबंध परत पाठविला. अखेर १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात छापला गेला आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांच्या नजरेस काही वर्षे पडलाच नाही.

हे दोन धागे पुढे एकत्र विणले गेले. मिनेसोटा येथे मॅक्स कूपर व गुड यांनी १९६५ मध्ये कोंबड्यांत, तर मिलर व ग्रॅहम मिचेल यांनी १९६८ पर्यंत मेलबर्न येथे उंदरांत दाखवून दिले की, रोगप्रतिकाराचे सैन्य दुहेरी आहे. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी एक, आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या व रोगग्रस्त पेशींचा थेट नाश करणाऱ्या पेशी दुसऱ्या. पहिल्यांना ‘बी’ पेशी म्हणतात ते कोंबडीच्या त्या पिशवीच्या, ‘बर्सा’च्या नावावरून, दुसऱ्यांना ‘टी’ पेशी म्हणतात ते थायमसवरून. मानवात अशी पिशवी नसते; त्या पेशी अस्थिमज्जेत घडतात. ज्या दोन अवयवांकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्यांची आद्याक्षरे आज जगातील प्रत्येक वैद्यकीय पुस्तकात आहेत. मिलर व कूपर यांना २०१९ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या ग्रंथीत नेमके काय चालते? अस्थिमज्जेतून अपक्व पेशी तेथे येतात. त्यांची कसून पारख होते. शरीराच्या स्वतःच्या खुणा ओळखू न शकणारी पेशी बाद होते. आपल्याच शरीरावर उलटणारी पेशीही बाद होते. शंभर ताके तपासावेत आणि जेमतेम दोन-चार पसंत करावेत, इतकी ही निवड कठोर असते. उरलेल्या साऱ्या पेशी तेथेच नष्ट होतात. या गिरणीची थोरवी तिच्या उत्पादनापेक्षाही ती जे नाकारते त्यात आहे.

तरीही काही घातक पेशी निसटतातच. त्यांना आवर कोण घालतो? १९६९ मध्ये जपानमधील नागोया येथे निशिझुका व साकाकुरा यांना असे आढळले की, जन्मानंतर तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढलेल्या उंदरांचे शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते. या निरीक्षणाने शिमोन साकागुची यांना झपाटले. इतरांनी विषय सोडून दिला असतानाही ते शोध घेत राहिले आणि १९९५ मध्ये त्यांनी उच्छृंखल पेशींना आवर घालणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ दाखवून दिल्या. मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागील जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ज्ञान ग्रंथालयात पडून राहिलेले नाही. काही बालके यौवनलोपी ग्रंथीविनाच जन्मतात. फिलाडेल्फिया येथील डॉ. अँजेलो डिजॉर्ज यांनी १९६५ मध्ये अशा बालकांकडे लक्ष वेधले. ग्रंथी मुळीच नसलेली बालके पूर्वी दोन-तीन वर्षांतच दगावत. आता दुसऱ्या बालकाच्या हृदयशस्त्रक्रियेत निघालेला ग्रंथीचा तुकडा प्रयोगशाळेत सिद्ध करून त्यांच्या मांडीत रुजविता येतो. या उपचारास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. एकाकडून काढून टाकलेला भाग दुसऱ्याचे प्राण वाचवितो. आपल्याकडेही मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून, रुग्णाच्याच टी पेशींना नवे सामर्थ्य देऊन रक्ताच्या कर्करोगाशी लढविण्याचा उपचार सिद्ध झाला. त्यास २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले.

मात्र प्रौढांच्या बाबतीत जुना समज २०२३ पर्यंत टिकून होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी ही ग्रंथी पुष्कळदा काढून टाकली जाते. उतारवयात तिचे काय काम, असे मानले जाई. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये याचा हिशेब मांडला. ग्रंथी काढलेल्या १,१४६ प्रौढांची तुलना, तशाच स्वरूपाची शस्त्रक्रिया झालेल्या पण ग्रंथी शाबूत असलेल्या रुग्णांशी त्यांनी केली. पाच वर्षांत पहिल्या गटातील ८.१ टक्के, तर दुसऱ्या गटातील २.८ टक्के व्यक्ती मृत्यू पावल्या. कर्करोगाचे प्रमाणही ७.४ टक्के विरुद्ध ३.७ टक्के आढळले. हा जुन्या नोंदींचा अभ्यास आहे. त्यावरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. पण मेदात विरलेली ती ग्रंथी अजूनही काही करीत असावी, एवढे तरी तो बजावून सांगतो.

येथे विवेक सुटता कामा नये. काही रोगांत ही ग्रंथी काढणेच हितावह असते. तिच्यात गाठ उद्भवली असता, किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या दुर्बलतेच्या आजारात, ती काढल्याने लाभ होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर चाचणीने तो सिद्धही केला आहे. काढूच नये, असा या कथेचा बोध नाही. काढण्यापूर्वी विचारावे, जाणावे आणि तोलावे, हा तिचा बोध आहे.

या साऱ्या ज्ञानासाठी असंख्य मुक्या जिवांनी आपले आयुष्य दिले आहे, याचे स्मरण ठेवल्याविना ही कथा पुरी होत नाही. एवढी मोठी किंमत मोजून मिळालेले ज्ञान माणसाने नम्रतेनेच वापरायला हवे.

‘उपयोग दिसत नाही’ आणि ‘उपयोग नाही’ ही दोन अगदी भिन्न विधाने आहेत. पहिले विधान पाहणाऱ्याच्या दृष्टीविषयी सांगते. दुसरे वस्तूविषयी निवाडा देते. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्याच्या घाईत हजारो बालकांवर विनाकारण किरण सोडले गेले आणि त्यांतील काहींना पुढे गंभीर दुखणे जडले. आणि त्या घाईच्या मुळाशी गरिबाच्या कृश देहालाच माणसाचे प्रमाण मानण्याची चूक होती, हेही विसरता येत नाही. ज्यांची उपासमार कोणी पाहिली नाही, त्यांच्या देहांवरून इतरांचे आरोग्य ठरविले गेले.

यौवनलोपी ग्रंथी आपले काम बालपणीच उरकते आणि निमूटपणे बाजूला होते. तिने उभ्या केलेल्या पुंजीवर माणूस सत्तर-ऐंशी वर्षे जगतो आणि तिचे नावही त्याला ठाऊक नसते. प्रत्येक घरात आणि प्रत्येक कार्यात अशी काही माणसे होऊन गेलेली असतात. त्यांचे आज काय काम, असे विचारण्यापूर्वी आज जे उभे आहे ते कोणाच्या पुंजीवर उभे आहे, एवढे पाहिले तरी पुरे.